चार खड्डे आणि एक शिक्का

मिरजेच्या माणसाला कन्नड येतं, अशी मिरजेत समजूत आहे. बंगळुरूत ती कोणी मानत नाही. आमचं कन्नड एसटी स्टँडवरचं आणि आठवडी बाजारातलं. 'बर्री', 'कुंड्री' आणि 'येनरी' या तीन शब्दांवर आम्ही चिकोडीपासून विजापूरपर्यंत बिनधास्त फिरतो. मुलाकडे कायमचा राहायला आलो त्या आठवड्यात घरी प्लंबर आला. मी झोकात "बर्री, कुंड्री" म्हणालो. तो हसला, आणि फोन लावून आपल्या जोडीदाराला ऐकवण्यासाठी मला पुन्हा म्हणायला लावलं. त्या दिवसापासून बंगळुरू हा माझ्यापुरता परदेश झाला. पासपोर्ट लागत नाही, दुभाषा लागतो.

खरं तर हे गाव एके काळी आमचंच. शहाजीराजांची इथे जहागीर होती. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावरला बस्तान बसवलं, बंगळुरू सांभाळणं जड जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना 3 लाखांना विकायचं ठरवलं. व्यवहार पुरा व्हायच्या आत 1687 साली मुघल फौज मध्ये घुसली, आणि शेवटी मुघलांनीच ते म्हैसूरकरांना 3 लाखांत दिलं. म्हणजे या गावातला जागेचा एवढा जुना व्यवहारसुद्धा मधल्या माणसाशिवाय पुरा झालेला नाही. आज 3 लाखांत काय येतं विचाराल, तर मुलानं फ्लॅटमालकाला दहा महिन्यांच्या भाड्याचं डिपॉझिट दिलं ते त्याहून जास्त होतं. सगळं गाव फक्त डिपॉझिटात गेलं, असं म्हणायला हरकत नाही.

मी स्वतः तेहतीस वर्षं एका सरकारी खात्यात टेबलाच्या आतल्या बाजूला काढली. पैशाला हात लावला नाही. हे मी कुठेही, कुठल्याही देवळात सांगू शकतो. आता हंगामात कोणी द्राक्षांची पेटी ठेवून गेला, गुऱ्हाळ सुरू झाल्यावर कोणी काकवीची किटली आणली, तर त्याचं मन मोडणं आपल्या संस्कृतीत बसत नाही. शिवाय काकवी परत पाठवायची म्हणजे किटलीतून सांडणार. त्यामुळे सेवानिवृत्त झालो तो स्वच्छ हातांनी, थोड्याशा चिकट.

बंगळुरूत पहिले दोन महिने मी पेपर वाचून बायकोला जगातला भ्रष्टाचार समजावून सांगत होतो. एक दिवस ती म्हणाली, "एवढं कळतंय तर बाहेर जाऊन झाडू तरी मारा." मुलानं ते शब्दशः घेतलं आणि शनिवारी सकाळी गल्लीबोळ साफ करणाऱ्या एका स्वयंसेवकांच्या गटात माझं नाव घातलं. असे गट इथे बरेच आहेत. 2010 च्या सुमाराला 'द अग्ली इंडियन' नावाच्या निनावी मंडळींनी ही चाल पाडली. कचऱ्याचा कोपरा गाठायचा, साफ करायचा, भिंत रंगवायची, नाव न सांगता निघून जायचं. त्यांचं ब्रीद होतं, 'काम चालू, मुँह बंद'. आमच्या गटानं त्यातला पूर्वार्ध मनापासून घेतला होता. उत्तरार्ध अजून चर्चेत होता.

गटात आठ-दहा सॉफ्टवेअरवाले, एक निवृत्त कन्नड प्राध्यापक आणि जर्मनीची एक एकोणीस वर्षांची मुलगी होती. प्राध्यापकांना सगळे 'मेष्ट्रु' म्हणत, म्हणजे आपले मास्तर. मला ते 'राव्' म्हणत, कारण मराठी माणूस दिसला की इथले जुने लोक त्याला राव करून टाकतात. आडनाव विचारायच्या भानगडीत पडत नाहीत. जर्मन मुलगी 'वेल्टवेर्ट्स'मधून आली होती. ही तिथल्या सरकारची योजना. शाळा संपलेल्या पोरापोरींना वर्षभर दुसऱ्या देशात सेवेला पाठवायचं. 2008 पासून चालू आहे. ती आठवडाभर एका शाळेत शिकवायची आणि शनिवारी आमच्यात यायची. निघण्याआधी त्यांना प्रशिक्षणात सांगितलं होतं म्हणे, की परदेशात भ्रष्टाचार आढळला तर घाबरून जाऊ नका, नोंद करा. त्यासाठी तिनं डायरीत चार पानं कोरी ठेवली होती. चार! आमच्याशी गाठ नव्हती पडली अजून.

आमच्या वाट्याला आलेला कोपरा एका ट्रान्सफॉर्मरशेजारी होता. अशा जागेला इथे 'ब्लॅक स्पॉट' म्हणतात. रात्री लोक स्कूटरवरून येतात, वेग कमी न करता पिशवी भिरकावतात, आणि सकाळी तेच लोक तिथून नाक दाबून फिरायला जातात. तीन शनिवार घालून आम्ही तो साफ केला. भिंतीला गेरू लावला. मग ठरलं, की जागा मोकळी राहिली तर पुन्हा कचरा पडणार, तेव्हा फुटपाथच्या कडेला चार झाडं लावू. मेष्ट्रुंनी होंगे सुचवलं, म्हणजे आपला करंज. चार झाडं म्हणजे चार खड्डे. आणि फुटपाथला खड्डा घ्यायचा तर परवानगी हवी.

यात हसण्यासारखं काय आहे, ते बंगळुरूचा रस्ता पाहिलेल्या माणसाला सांगायला नको. बादल नंजुंडस्वामी नावाच्या चित्रकारानं 2015 साली इथल्या एका खड्ड्यात खऱ्या मगरीएवढी मगर आणून बसवली होती. 2019 मध्ये त्यानं अंतराळवीराचा पोशाख घातलेला माणूस रात्री रस्त्यावरून चालवला आणि तो थेट चंद्रावर चालल्यासारखा दिसला. एवढे खड्डे विनापरवाना पडतात. आमचे चार मात्र कायदेशीर हवे होते.

सरकारी कामातला अनुभवी म्हणून मला पुढे केलं. घरी सांगितल्यावर बायको म्हणाली, "तेहतीस वर्षं लोक तुमच्याकडे हेलपाटे घालत होते. आता तुम्ही घाला." हिचा न्यायावर फार विश्वास.

पहिल्या फेरीला मेष्ट्रु बरोबर नव्हते. मी आणि ती मुलगी. कार्यालयाच्या दारातच एक मोठा फलक होता. कन्नड अक्षरं मला वाचता येतात, मिरज स्टँडवर चिकोडीच्या गाड्या बघून बघून जमलंय. मी एकेक अक्षर लावून वाचलं, 'लंच कोडबेडि'. कोडबेडि म्हणजे देऊ नका, एवढं मला ठाऊक. मी तिला माझ्या खात्यातल्या इंग्रजीत समजावलं, की या कचेरीत कर्मचाऱ्यांना दुपारचं जेवण द्यायला मनाई आहे. तिला फार वाईट वाटलं. तिच्या पिशवीत दोन केळी होती, ती तिनं आणखी खाली दडपली आणि स्वतः बाहेरच थांबली.

संध्याकाळी मेष्ट्रुंनी खुलासा केला. कन्नडमध्ये लंच म्हणजे तुमची लाच. लाच काय, लंच काय, एकाच घरातले शब्द. मराठीत ती उघडी ठेवतात, कन्नडमध्ये वर अनुस्वाराचं वजन ठेवतात, एवढाच फरक. फलकाखाली तक्रार कुठे करायची त्याचा नंबरही होता, पण मी जेवणाच्या चिंतेत तिथवर पोचलोच नव्हतो.

त्या पहिल्या फेरीला आत खिडकीवरच्या गृहस्थांनी अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला. मागची बाजू कोरी होती, तरी वाचली. मग विचारलं, "संस्था रजिस्टर्ड आहे?" नाही. "कॉन्ट्रॅक्ट कोणाचं?" कोणाचंच नाही, आम्हीच खणणार. "पैसे कोण देणार?" आम्हीच. "मग यात तुमचा लाभ काय?" मी म्हणालो, काही नाही. त्या माणसानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तेहतीस वर्षं मी ज्या खुर्चीत बसलो ती हीच, त्यामुळे त्याच्या डोक्यात काय चाललंय ते मला स्वच्छ दिसत होतं. ज्याचा लाभ कळतो त्या माणसाचा दर ठरवता येतो. ठेकेदार आला तर त्याचा हिशेब सरळ असतो, नगरसेवकाचा माणूस आला तर त्याचाही. फुकट काम करणारा माणूस आला की सगळी पद्धतच अडते. तो एक तर वेडा असतो किंवा त्याचा डाव फार मोठा असतो. गृहस्थांनी मला दुसऱ्या रांगेत टाकलं असावं, कारण ते एकदम अदबीनं म्हणाले, "नाळे बन्नि, सार." उद्या या.

दुसऱ्या दिवशी गेलो. नाळे बन्नि. तिसऱ्या दिवशी साहेब मीटिंगला. चौथ्या दिवशी साहेब होते, पण शिक्का मीटिंगला गेला होता.

चौथ्या फेरीनंतर मेष्ट्रु मला एका दर्शिनीत घेऊन गेले. तिथे उभ्यानं खायचं आणि कॉफी 'बाय टू' मागायची. एक कॉफी, दोन पेल्यांत. इथे कोणाला त्यात कमीपणा वाटत नाही. लाखांत पगार घेणारी पोरंही बाय टू घेतात. कॉफीवर मेष्ट्रुंनी 'नाळे बा'ची गोष्ट सांगितली. नव्वदच्या दशकात बंगळुरूत आणि आसपासच्या खेड्यांत एक हडळ फिरते अशी आवई उठली होती. रात्री ती दार ठोठावायची, घरातल्याच कोणाच्या तरी आवाजात हाक मारायची, आणि दार उघडलं की खेळ संपला. लोकांनी तोड काढली. दारावर खडूनं लिहून ठेवलं, 'नाळे बा'. उद्या ये. हडळ यायची, वाचायची, परत जायची. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. पुढे कितीतरी वर्षांनी यावरून हिंदीत सिनेमाही निघाला.

"आता फरक बघा राव्," मेष्ट्रु म्हणाले, "हडळीला 'बा' म्हणायचे. तुम्हाला 'बन्नि' म्हणतात. मान आहे तुम्हाला."

मला त्या हडळीबद्दल आपुलकी वाटली. रोज रात्री हेलपाटा. लिहिलेलं वाचायचं, मानायचं. वरच्याकडे तक्रार नाही, एजंट गाठणं नाही.

एजंट मात्र आम्हाला न शोधता सापडला. कार्यालयासमोर झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानदारानं माझ्या अर्जाची प्रत काढता काढता तो वाचला आणि म्हणाला, "फोर पिट्स? खड्ड्याला पाचशे. टोटल दोन हजार. स्वल्प अड्जस्ट माडि." हे वाक्य बंगळुरूचं राष्ट्रगीत आहे. बसमध्ये दोघांच्या बाकावर तिसरा बसताना हेच म्हणतो, पार्किंगमध्ये तुमच्या गाडीमागे गाडी लावणारा हेच म्हणतो. थोडं सांभाळून घ्या. लाचेसाठी इतका गोड शब्द मी दुसरा ऐकलेला नाही. मागणाऱ्याला ओशाळं वाटत नाही आणि न देणारा माणूस उगाच आडमुठा ठरतो.

माझ्या पुढे एक जण उभा होता, त्यानं दुकानाचा क्यूआर स्कॅन केला, आणि काउंटरवरच्या डबीतून एक बाई खणखणीत कन्नडमध्ये रक्कम जाहीर करून मोकळी झाली. समोरच्या कचेरीच्या खिडक्या उघड्या होत्या. आमच्या काळात टेबलाखालून द्यायचे, आता लाऊडस्पीकरवर. झेरॉक्सचे एवढे पैसे होत नाहीत, हे त्या बाईलासुद्धा कळलं असेल.

याच शहरात 2022 साली मुख्यमंत्र्यांचा चेहरा क्यूआर कोडमध्ये बसवलेली 'पे सीएम'ची पोस्टरं भिंतींवर लागली होती. काँग्रेस तेव्हा विरोधात होती आणि ठेकेदारांच्या संघटनेनं 40 टक्के कमिशनचा आरोप केला होता. कौटिल्यानं अर्थशास्त्रात सरकारी पैसा खायचे प्रकार मोजून ठेवलेत, तेही 40. हा आकडा या धंद्याला मुळापासूनच मानवलेला दिसतो.

जर्मन मुलीनं डायरी उघडली. "ही फी आहे का?" तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. "मग टिप?" तेही नाही. मग मी तिला मराठी शिकवायला बसलो. माझ्या हातून बंगळुरूत झालेली ही एकमेव मराठीची सेवा. म्हटलं, लिही. शिपायाला देतात ती चिरीमिरी. कारकुनाला चहापाणी. कागद वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर ठेवतात ते वजन. वजन ठेवूनही हलत नसेल तर हात ओले करायचे. काम झाल्यावर देतात ते तोंड गोड करणं. दोघांनी मिळून मिटवलं तर तोडपाणी, दर महिन्याला ठरलेलं असेल तर हप्ता, आणि वरपर्यंत जात असेल तर मलिदा. मेष्ट्रुंनी कन्नडकडून 'मामूल' टाकला. म्हणजे नेहमीचं. इतकं नेहमीचं, की आपण किरकोळ गोष्टीला 'मामुली' म्हणतो. तिची चार पानं संपली. जर्मनमध्ये किती शब्द आहेत विचारलं, तर ती विचार करून म्हणाली, दोन-तीन असतील. गरीब भाषा.

द्यायचे नाहीत, यावर गटाचं एकमत होतं. पुढे काय, यावर नव्हतं. एक सॉफ्टवेअरवाला म्हणाला, वेबसाइटवर टाकू. 'आय पेड अ ब्राइब' ही याच गावची. 'जनाग्रह' संस्थेनं 2010 च्या ऑगस्टमध्ये सुरू केली, की लोकांनी येऊन लिहावं, कुठे किती द्यावी लागली. परिवहन खात्याच्या आयुक्तांनी त्या नोंदी वाचून ड्रायव्हिंगच्या परीक्षेत सुधारणा केल्या. चीनमध्ये 2011 साली लोकांनी तशाच साइट काढल्या, त्या सरकारनं थोड्याच दिवसांत बंद पाडल्या. म्हणजे बंगळुरूनं जगाला सॉफ्टवेअर दिलं आणि लाचेची जमाखर्च वहीसुद्धा. पण आमची अडचण वेगळी. आम्ही अजून दिलीच नव्हती, तर लिहायचं काय?

दुसरा म्हणाला, सापळा लावू. लोकायुक्तांकडे तक्रार केली की ते नोटांना फिनॉल्फ्थॅलिनची पूड लावून देतात. घेणाऱ्याचे हात मग सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात धुतात, आणि पाणी गुलाबी होतं. आपण 'रंगेहाथ' म्हणतो ते नुसतं बोलायला, इथे खरोखर रंग निघतो. पण मेष्ट्रु कचरले. कायदा त्यांना पाठ. 2018 च्या दुरुस्तीनंतर देणाराही गुन्हेगार, 7 वर्षांपर्यंत शिक्षा, पण बळजबरीनं द्यावी लागली आणि 7 दिवसांच्या आत कळवलं तर सुटका. कौशिक बसू केंद्राचे आर्थिक सल्लागार असताना 2011 मध्ये म्हणाले होते, की नडून द्यावी लागणाऱ्या लाचेत देणाऱ्याला माफ करा, पैसेही परत द्या, म्हणजे तो आपणहून तक्रार करील. केवढा गदारोळ झाला होता! "आणि राखणदाराचं म्हणाल," मेष्ट्रु म्हणाले, "तर 2015 साली लोकायुक्त कार्यालयाच्याच नावानं अधिकाऱ्यांकडून पैसे उकळल्याचं प्रकरण निघालं. लोकायुक्तांच्या मुलाला अटक झाली. वर्ष संपता संपता लोकायुक्तांनी राजीनामा दिला." याच कार्यालयाच्या अहवालानं 2011 मध्ये खाणींच्या प्रकरणात मुख्यमंत्र्याला घरी बसवलं होतं. कुंपणानं शेत राखलंही आणि खाल्लंही, मेष्ट्रुंना दोन्ही हंगाम आठवत होते.

शेवटी मी माझं अस्त्र काढलं. शून्य रुपयाची नोट. ही गंमत नव्हे, खरी आहे. अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे सतिंदर मोहन भगत यांची ही कल्पना. 'फिफ्थ पिलर' नावाच्या संस्थेनं 2007 पासून तमिळनाडूत या नोटा छापून वाटल्या. दिसायला पन्नासाच्या नोटेसारखी, गांधीजी वगैरे सगळं जागच्या जागी. फक्त आकडा शून्य, आणि गव्हर्नरच्या वचनाच्या जागी लाच देणार नाही आणि घेणार नाही असं वचन. मागणारा ती पाहून वरमतो, अशी अपेक्षा. मुलानं नेटवरून छापून दिली. मी ती अर्जात घडी घालून खिडकीत सरकवली आणि छातीत धडधड घेऊन उभा राहिलो.

गृहस्थांनी नोट काढली. उजेडाकडे धरून पाहिली. पाठ पाहिली. मग शांतपणे माझ्याकडे परत सरकवत म्हणाले, "चेंज इल्ला, सार."

सुटे नाहीत.

अकराव्या फेरीला मी आजारी होतो, म्हणजे कंटाळलो होतो. मेष्ट्रु त्या मुलीला घेऊन गेले. वाटेत तिला विधानसौध दाखवलं, 1956 साली पुरी झालेली ती भव्य इमारत. दर्शनी बाजूला कोरलंय, 'सरकारद केलस देवर केलस'. सरकारचं काम ते देवाचं काम. तिला ते फार आवडलं. मी असतो तर सांगितलं असतं, की बाई, देवाच्या कामाला आमच्याकडे दोन रांगा असतात. एक पंढरपूरसारखी, मंडपातून वळसे घेत जाणारी. दुसरी बाजूच्या दारानं, ओळखीची. आपण आता कुठल्या रांगेतून जाणार आहोत, हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं.

खिडकीवर ही निळ्या डोळ्यांची उंच पोरगी उभी राहिली आणि गृहस्थ खुर्चीवरून उठले. मी दहा फेऱ्यांत त्यांना कमरेखाली पाहिलं नव्हतं. आतून खुर्ची आली. कॉफी आली, बाय टू नव्हे, एकटीला अख्खी. साहेब मीटिंगमधून निघून आले. शिक्का पण आला. साहेबांनी तिला विचारलं, जर्मनीत कुठे, माझा भाचा म्युनिकला आहे. चार खड्ड्यांची परवानगी दहा मिनिटांत मिळाली, वर म्हणाले, हवे तर सहा घ्या. मग सगळ्या कचेरीनं तिच्याबरोबर फोटो काढले. फलकाखाली.

संध्याकाळी तिनं मला डायरी दाखवली. लिहिलं होतं: अधिकारी अत्यंत सहकार्यशील. काम तत्काळ. लाच मागितली नाही.

"तुझ्याकडे कशाला मागतील?" मी म्हणालो. "तूच वजन होतीस."

तिनं तो शब्द मागच्या पानांवर शोधला, सापडला, आणि बराच वेळ काही बोलली नाही.

होंगे लागले. चारातलं एक स्कूटरवाल्यांच्या पिशव्यांनी मोडलं, तीन तरारले. आमच्या कोपऱ्याचं नाव झालं, शनिवारी माणसं वाढली, आणि वाढली त्यांत शाळकरी पोरं जास्त. मला आधी वाटलं, काय पिढी आहे! मग कळलं, की अमेरिकेतल्या कॉलेजात अर्ज करायचा तर समाजसेवेचे तास दाखवले की बरं पडतं. त्यासाठी प्रमाणपत्र हवं. प्रमाणपत्राला सही हवी, शिक्का हवा. गटानं एक रबरी शिक्का बनवून घेतला आणि प्रश्न आला, सांभाळणार कोण? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

खरं सांगतो, शिक्का हातात आला आणि पाठ आपोआप ताठ झाली. पाच वर्षं रिकामी होती ती मूठ.

पोरं सातला यायची. झाडू हातात घ्यायची, आई फोटो काढायची, वीस मिनिटांनी गाडी निघायची. मी हजेरीच्या वहीत एक तास लिहायचो. हिशेबाला पूर्णांक सोपा पडतो. पुढे एका आईनं अर्धा किलो कॉफी पूड आणली, स्वतःच्या मळ्यातली, चिक्कमगळूरची. म्हणाल्या, "अंकल, तुम्ही किती करता मुलांसाठी!" त्यांच्या मुलाचे त्या महिन्यात दोनाचे आठ तास झाले. कॉफी सुरेख होती. मग एक म्हैसूरपाकाचा डबा आला, तुपानं निथळणारा. त्या बाई आढ्याकडे बघत म्हणाल्या, "फॉर्टी अवर्स पाहिजेत, अंकल. स्वल्प अड्जस्ट माडि." चाळीस! या आकड्याशी माझं भांडण नाहीच, वर लिहिलंय. आणि डबा परत करायचा म्हणजे तूप सांडणार.

माझ्या नातवाचे किती झाले, हे इथे लिहिण्याचं कारण नाही. तो फार होतकरू मुलगा आहे.

जर्मन मुलगी निघायच्या आधीचा तो शनिवार. मी भिंतीशेजारच्या दगडी बाकावर बसलो होतो. मांडीवर वही, शेजारी म्हैसूरपाकाचा डबा. तिनं एक वडी घेतली, खाल्ली, बोटं पुसली आणि डायरी उघडून अगदी शुद्ध उच्चारात मला विचारलं, "हे चिरीमिरी की तोंड गोड?"

मी म्हटलं, "हा प्रसाद."

"तो शब्द तुम्ही लिहून दिला नव्हता," ती म्हणाली आणि लिहायला नवीन पान शोधू लागली.

तेवढ्यात एक गृहस्थ घाईघाईनं आले. खांद्याला लॅपटॉपची बॅग, कपाळावर घाम. मुलाचा अर्ज आज रात्रीपर्यंत जायला हवा, प्रमाणपत्र तयार आहे, फक्त सही-शिक्का. मुलगा खरोखर सहा शनिवार आला होता. कुदळही त्यानंच चालवली होती. गृहस्थांचे हात रिकामे होते. शिक्का माझ्या खिशात होता. शाईचा पॅड ओला होता. मी चष्मा काढला, कागद वाचला, उलटून मागची कोरी बाजू वाचली आणि म्हणालो, "नाळे बन्नि, सार."

मेष्ट्रुंनी झाडाला पाणी घालता घालता वर पाहिलं.

"राव्," ते म्हणाले, "ईग निम्म कन्नड सरियायितु."

आता तुमचं कन्नड जमलं.